रात्रीचे अडीच आणि दशमांशाचं पाकीट: हातून सुटलेल्या खरेदीचं एक प्रकरण

हे प्रकरण अहिल्यानगरमधल्या एका मराठी ख्रिस्ती घराचं म्हणून मांडलं आहे. घर, माणसं आणि त्यांच्या रकमा अभ्यासासाठी जुळवलेल्या आहेत. व्याजाचा हिशेब, बँकांचे नियम आणि शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, संदर्भ मात्र खरे आहेत. कोणाला आपल्याच घराचं वर्णन वाटलं तर त्यात नवल नाही, कारण अशी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांतली बहुतेक गप्प असतात.

घरात चौघं. ती चौतीस वर्षांची, खासगी रुग्णालयात परिचारिका, हातात येणारा पगार ३१,००० रुपये. नवरा विनाअनुदानित शाळेत शिक्षक, त्याचे २४,०००. नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. चौघंही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नियमित जाणारी. ती महिला मंडळात, तो शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवणारा. दारू नाही, जुगार नाही, कोणाशी वाकडं नाही. तरीही मार्च महिन्यात या घरावर एक लाखाच्या वर देणं होतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं नवऱ्याला माहीत नव्हतं.

पैसा कुठे जात होता

महिन्याचे ५५,००० येत. घरभाडं ९,०००, किराणा आणि दूध ९,५००, गॅस-वीज-पाणी २,२००, मुलीची शाळा आणि रिक्षा ४,३००, पेट्रोल आणि प्रवास ३,०००, फोन १,०००, सासूबाईंची औषधं २,५००, विमा १,५००, भिशी २,०००. हे झाले ३५,०००. दशमांश, म्हणजे मिळकतीतला देवासाठी काढून ठेवायचा दहावा भाग, ५,५००. म्हणजे ४०,५०० रुपयांत घर चालत होतं आणि १४,५०० उरायला हवे होते. अंथरूण पुरेसं होतं. खर्च जमेपेक्षा मोठा असलेलं हे घर नव्हतं, म्हणून "काटकसर करा" या सल्ल्याचा इथे काही उपयोग नव्हता. काटकसर त्यांना येत होती. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये सोडवून घेणारी बाई रात्री अडीच वाजता १,२९९ रुपयांची पर्स घेत होती, आणि दोन्ही गोष्टी मनापासून करत होती.

तीन महिन्यांची बँकेची उताऱ्याची पानं, कार्डाची बिलं आणि ऑर्डरची यादी समोर ठेवून प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहिली. ही पायरी वगळू नये. "आम्ही फार खर्च करतो" या वाक्यावर कुठलाच उपाय करता येत नाही, "रात्री एक ते चारमध्ये ३८ खरेद्या" यावर करता येतो. रात्रपाळीतल्या ऑनलाइन खरेद्या ३८, रक्कम २४,३००. घरपोच मागवलेलं जेवण ३१ वेळा, ११,२००. पगार झाल्यावरच्या तीन-चार दिवसांत घरच्यांसाठी घेतलेल्या भेटवस्तू ९, रक्कम ८,६००. सभांमधलं विशेष अर्पण तीनदा, ७,५००. एकूण ५१,६००, महिन्याला १७,२००.

उरायला हवे होते १४,५००, त्यातून कार्डाची किमान रक्कम ३,४०० आणि मोबाइलचा हप्ता १,९०० जात होता. राहिले ९,२००. खर्च १७,२००. दर महिन्याला आठ हजारांची खिंडार पडत होती आणि ती कार्डाने, "नंतर पैसे भरा" वाल्या अॅपने आणि एका सहकारी सिस्टरकडून घेतलेल्या उसनवारीने बुजवली जात होती.

देणी अशी: क्रेडिट कार्ड ६८,०००, अॅपचे ११,०००, मोबाइलचे सात हप्ते म्हणजे १३,३००, उसने ८,०००. बेरीज १,००,३००.

कार्डाच्या ६८,००० कडे जरा थांबून पाहू. बऱ्याच कार्डांवर महिना ३.५ ते ३.७५ टक्के व्याज लागतं. साडेतीनने धरलं तर महिन्याचं व्याज २,३८०, त्यावर १८ टक्के जीएसटी ४२८, एकूण २,८०८. ती दर महिन्याला ५ टक्के किमान रक्कम, म्हणजे ३,४००, न चुकता भरत होती आणि कर्ज फेडतोय असं समजत होती. मुद्दल उतरत होतं ५९२ रुपये. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदतही जाते, नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. ऋण घेणारा सावकाराचा दास होतो, असं नीतिसूत्रांच्या २२ व्या अध्यायात आहे. ते या बिलावर जसंच्या तसं लागू पडतं.

रात्रीचे अडीच

रात्रपाळीत एकच्या सुमाराला राउंड होतो, दोनच्या औषधांचं काम संपतं, अडीच ते चार वॉर्ड शांत असतो. ती डबा नेत असे, पण नऊलाच खाऊन टाकी. अडीच वाजता पोट रिकामं, पाय सुजलेले, डोळे ताणलेले, बोलायला कोणी नाही, आणि हातात फोन. पडद्यावर "फक्त ११ मिनिटं उरली". भूक, थकवा, एकटेपणा आणि घाई ही चारही तिथे एकत्र येत होती. दिवसा अकरा वाजता तीच वस्तू दाखवली तर ती "कशाला?" म्हणाली असती.

ती अकरा मिनिटं पुष्कळदा खोटी असतात. खोटी घाई दाखवणं, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं अशा तेरा क्लृप्त्यांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिली आहे आणि त्यांना मनाई केली आहे. हे ठाऊक असलं की मोहाचा अर्धा जोर जातो. बिनव्याजी हप्त्याचंही तसंच. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. व्याज सवलतीच्या रूपाने दाखवून वजा करतात, त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याकडूनच जातं.

वस्तू रुग्णालयाच्या पत्त्यावर येई. खोकं लॉकरमध्ये. सकाळी ड्यूटी संपताना ती खोक्यावरचं नाव-पत्त्याचं लेबल नखाने सोलून काढी, पुठ्ठा कचऱ्याच्या डब्यात दाबून बसवी आणि वस्तू डब्याच्या पिशवीत, रिकाम्या डब्याखाली घालून घरी आणी. महिन्याभराने ती वस्तू कपाटातून "जुनीच आहे" म्हणून बाहेर येई. खरेदीचा आनंद लेबल सोलेपर्यंतसुद्धा टिकत नसे. त्यानंतर अपराधीपणा येई, आणि त्या अपराधीपणाची बोच घालवायला पुढच्या रात्री पुन्हा फोन. प्रकरणाचं खरं मूळ इथे आहे असं आमचं मत आहे. लोभ होता, पण लोभाला रोज इंधन पुरवत होता तो लपवालपवीचा ताण.

आधीचे उपाय का फसले

तिने देवाजवळ मागितलं नव्हतं असं नाही. लागोपाठ दोन वर्षं ईस्टरच्या (पुनरुत्थानाच्या सणाच्या) आधीच्या उपवासकाळात तिने "चाळीस दिवस काहीही घेणार नाही" असा निश्चय केला होता. दोन्ही वेळा दुसऱ्या आठवड्यात मोडला. कारणं साधी होती. फोनवर सगळी अॅप तशीच, कार्डाचे आकडे त्यांत साठवलेले, सूचना चालू. शिवाय राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६, चाळीसच्या मोजणीत सहा रविवार धरत नाहीत. तिने रविवार मोकळा ठेवला आणि आठवडाभराचं थांबलेलं सगळं रविवारी मागवलं. तिसरं कारण जास्त खोल: निश्चय तिच्या आणि देवाच्या मध्येच होता, त्यामुळे मोडला तेव्हा सांगायला माणूस नव्हता. मोडल्यावर "आता काय, मोडलंच आहे" म्हणून त्या महिन्यात खर्च आणखी वाढला.

गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात आत्म्याच्या फळात शेवटचा शब्द "इंद्रियदमन" आहे. मराठीत हा शब्द फार कडक लागतो, मूठ आवळल्यासारखा. पण त्याला फळ म्हटलं आहे. फळाला झाड लागतं, कुंपण लागतं, पाणी लागतं, आणि ते एका रात्रीत पिकत नाही. प्रार्थना करून इच्छा नाहीशी होईल अशी वाट पाहणाऱ्याचा पहिला मोह आला की विश्वासच डळमळतो. याकोबाच्या पत्रात पहिल्या अध्यायात मोहाचा क्रम दिला आहे: इच्छा ओढते, भुलवते, मग गर्भ धरते, मग पाप जन्मतं. क्रम आहे म्हणजे मध्ये जागा आहे. प्रार्थनेने ती जागा मिळते. त्या जागेत काय करायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं.

एका संध्याकाळी

उघड झालं ते पाळकबाईंमुळे. सभेनंतर चटया गोळा करताना तिने "माझ्यासाठी प्रार्थना करा" एवढंच म्हटलं आणि रडू आलं. पाळकबाईंनी दोन गोष्टी बरोबर केल्या. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर प्रार्थनेची विनंती टाकली नाही, आणि "देव बघून घेईल" म्हणून सोडलं नाही. विनंती म्हणून गेलेली गोष्ट दोन दिवसांत चर्चा होऊन परत येते, आणि एकदा तसं झालं की माणूस पुन्हा कधी तोंड उघडत नाही. त्या म्हणाल्या, "अगं, आधी घरी सांग. मी हवी तर येते."

शनिवारी मुलीला मावशीकडे पाठवलं. ३२ वं स्तोत्र वाचलं, गप्प राहिल्याने हाडं झिजली असं म्हणणाऱ्या माणसाचं. मग एका कागदावर चार रकाने: कोणाचे, किती, व्याज काय, तारीख कोणती. त्या संध्याकाळी एकच नियम होता. नवऱ्याने "का घेतलंस?" हा प्रश्न विचारायचा नाही. फक्त "किती?" आणि "कधीपर्यंत?" "का" विचारलं की माणूस बचाव करू लागतो आणि यादी अपुरी राहते. त्याने दोनदा ओठ दाबले. तिसऱ्यांदा उठून पाणी पिऊन आला. उसनवारीचे ८,००० तिने सगळ्यात शेवटी सांगितले. कर्जाच्या यादीत शेवटी येतो तो आकडा सहसा सगळ्यात मोठा नसतो, सगळ्यात लाजिरवाणा असतो. म्हणून यादी संपली असं वाटल्यावर आणखी दहा मिनिटं बसावं.

दुसऱ्या दिवसापासून चूक झाली. नवऱ्याने कार्ड, डेबिट कार्ड सगळं स्वतःकडे घेतलं आणि तिला रोज शंभर रुपये मोजून देऊ लागला. तिसऱ्या रात्री तिने "नंतर पैसे भरा" वाल्या अॅपमधून ९९० रुपयांची चादर घेतली. कमावत्या माणसाला शाळकरी पोरासारखं वागवलं की ते पोरासारखंच लपवू लागतं. शिवाय तीन महिन्यांच्या नोंदी नीट पाहिल्यावर भेटवस्तूंच्या ८,६०० पैकी निम्म्याहून जास्त त्यानेच घेतलेल्या निघाल्या: इअरफोन, बॅट, भाच्याचं घड्याळ. "मी घरासाठी घेतो" असं तो म्हणत असे. तीही तेच म्हणत होती. त्यानंतर नियम दोघांना सारखे झाले आणि तिथून गाडी रुळावर आली.

पाकिटाची रीत

या घरात एक शिस्त आधीपासून होती आणि ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. दशमांश. पगार आला की त्याच दिवशी ५,५०० काढून पाकिटात, पाकीट कपाटात शास्त्राच्या खाली. नऊ वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. सेल होता म्हणून लावला नाही, मुलगी आजारी होती तेव्हाही नाही. त्या पैशाबद्दल रोज नव्याने निर्णय घ्यावाच लागत नव्हता. ज्या बाईला आपल्यात ताबाच नाही असं वाटत होतं, तिने १०८ महिने हा ताबा दाखवला होता. मग तीच रीत बाकीच्या पैशाला लावायची ठरली.

कर्ज चालू असताना दशमांश द्यावा का, यावर मंडळ्यांमध्ये मतं वेगळी आहेत. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात जवळ असेल त्या मानाने, नसेल त्या मानाने नव्हे असं म्हटलं आहे, आणि त्या आधारे काही पाळक कर्ज फिटेपर्यंत कमी द्यायला सांगतात. ज्या घरात दशमांश दिल्यावर किराणा उधार आणावा लागतो तिथे तो सल्ला योग्यच आहे. या घरात तशी वेळ नव्हती, आणि घरातली एकमेव न मोडलेली शिस्त मोडणं शहाणपणाचं झालं नसतं. म्हणून तो चालू ठेवला. बंद केलं ते सभेत भावनेच्या भरात जाहीर होणारं विशेष अर्पण. ७,५०० पैकी ५,००० तिने एका सभेत क्रेडिट कार्डावर दिले होते, "पेरलं तर उगवेल" हे ऐकून. हीसुद्धा उतावळी खरेदीच आहे, तिला पवित्र नाव दिलं म्हणून बदलत नाही. त्याच पत्राच्या ९ व्या अध्यायात प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, खेदाने किंवा भीड पडली म्हणून नव्हे, असं आहे. आधी ठरवलेलं, असा त्याचा सरळ अर्थ. आणि साडेतीन टक्क्यांनी उसने आणलेले पैसे आपले नसतात, ते देता येत नाहीत.

एप्रिलपासूनची मांडणी अशी झाली. बँकेला फोन करून कार्डावरच्या ६८,००० पैकी ६०,००० वर्षाला १६ टक्क्यांच्या बारा हप्त्यांत बदलून घेतले. हप्ता ५,४४४, वर्षाचं व्याज ५,३२८ आणि त्यावर जीएसटी साधारण ९६०. आधी दोन-सव्वादोन महिन्यांत जेवढं व्याज जात होतं तेवढ्यात आता वर्ष निघतं. पण इथे एक मोठा खड्डा आहे. हप्ते बांधले की कार्डावरची मर्यादा हप्त्यागणिक मोकळी होत जाते आणि लोक तिच्यावर पुन्हा खरेदी करतात, मग दोन कर्जं होतात. म्हणून त्याच फोनवर कार्डाची मर्यादा कमी करायला सांगितली आणि बँकेच्या अॅपमधून ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार बंद केले. ही बटणं २०२० पासून प्रत्येक कार्डाला द्यावीच लागतात.

१४,५०० पैकी हप्ता आणि त्यावरचा कर ५,६००, मोबाइल १,९००. उरले ७,०००. त्यांत १,५०० आपत्कालीन डब्यात, ३,५०० बाकीच्या देण्यांना, आणि दोघांना प्रत्येकी १,०००, ज्यांचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. हे शेवटचे दोन हजार कंजूस सल्लागार आधी कापतात. कापू नयेत. श्वास घ्यायला फट नसली की झाकण उडतं.

बाकीची देणी म्हणजे अॅपचे ११,०००, कार्डाचे उरलेले ८,००० आणि उसने ८,०००, मिळून २७,०००. बारा जणींच्या भिशीत तिचा नंबर ऑगस्टात होता, एका मैत्रिणीशी बदलून मेमध्ये घेतला. २४,००० रोख. अशा घरात सगळ्यात धोक्याचा दिवस हाच. दोघं मिळून भिशीला गेली, तिथूनच सिस्टरच्या घरी जाऊन तिचे पैसे परत केले, पेढे नाही, चहा घेतला, आणि बाकीचे त्याच दिवशी बँकेत भरून अॅपचं आणि कार्डाचं देणं मिटवलं. व्याज-दंड जाऊन तीन हजार उरले ते डब्यात गेले. अॅपचं खातं मिटवल्यावर नुसतं अॅप काढून भागत नाही. त्यांना लेखी कळवून कर्जाची सोय बंद करून घ्यावी आणि देणं नसल्याचा दाखला घ्यावा, नाहीतर फोन बदलला की ती सोय परत उगवते.

रोजचं कुंपण

पगाराचं खातं यूपीआयमधून काढलं. दुसरं साधं बचत खातं खर्चासाठी ठेवलं, दर सोमवारी त्यात ३,३०० रुपये: किराणा, दूध, पेट्रोल आणि दोघांचे हातखर्च. काढलेलं खातं दोन मिनिटांत परत जोडता येतं, त्यामुळे ही भिंत नाही, उंबरठा आहे. पण अडीच वाजता उंबरठाही पुरतो. आठवड्याची रक्कम का, महिन्याची का नाही? निर्गमच्या १६ व्या अध्यायातला मान्ना, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेलं अन्न, आठवावा. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, त्या दिवसापुरता. उरवून ठेवला त्याला किडे पडले. मोठी रक्कम समोर दिसली की ती "आहेत ना" असं म्हणायला लावते. सोमवारी आलेल्या ३,३०० मध्ये शनिवारी किती उरले हे डोळ्याला दिसतं.

खरेदीची अॅप काढली, साठवलेले कार्डाचे आकडे आधी पुसले. हा क्रम महत्त्वाचा: अॅप काढलं तरी आकडे त्यांच्या खात्यात राहतात. सूचनांचे संदेश बंद केले.

मग वही. साधी शंभर पानी, पाच रकाने: वस्तू, किंमत, तारीख-वेळ, त्या वेळी मन कसं होतं, आणि कामाचे तास. महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे आठ तास धरले तर तिच्या तासाचे १४९ रुपये पडतात. १,२९९ ची पर्स म्हणजे पावणेनऊ तास, एक पूर्ण पाळी आणि वर पाऊण तास. ५०० च्या वरचं काहीही असलं तर लिहून ७२ तास थांबायचं. ३,००० च्या वरचं महिनाअखेरीस, दोघांनी मिळून. ७२ का? तिच्या रात्रपाळ्या सलग दोन असतात, ४८ तासांत ती पुन्हा त्याच थकव्यात असते. ७२ तासांनी ती झोपून, जेवून, दिवसा निर्णय घेते. प्रत्येकाने आपल्या पाळीप्रमाणे हा आकडा ठरवावा. पहिल्या दोन महिन्यांत वहीत ४६ नोंदी झाल्या, घेतल्या गेल्या नऊ. मनाच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द "दमले".

रात्रीसाठी वेगळं. डब्याचे दोन भाग, एक नऊला, एक अडीचला. आधी खाणं, मग प्रार्थना, या क्रमाला कोणी अध्यात्मिक उणेपणा समजू नये. झुडपाखाली निजलेल्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने आधी उठवून भाकर खायला दिली, प्रवासाचं नंतर. फोन आवाज चालू ठेवून नर्सिंग स्टेशनच्या खणात. खिशात एक पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर ४ थ्या स्तोत्रातली शेवटची ओळ आणि खाली एक प्रश्न: "हे उद्या दुपारी सांगता येईल का?" पाठ असलेलं एक भजन मनात म्हणायचं, साधारण चार मिनिटं लागतात. तेवढ्यात ओढ ओसरते. नाही ओसरली तर वही आहे. वहीत लिहिणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे, आणि म्हणूनच ते जमतं.

जुलैतला धक्का

चौथ्या महिन्यात, वॉर्डात एक लहान पेशंट दगावला त्या रात्री, तिने सहकारी मुलीच्या फोनवरून मुलीसाठी तीन फ्रॉक मागवले. २,७९९, पैसे घरपोच आल्यावर. जेवणाचा डबा उघडलाच नव्हता.

इथे आधीच ठरलेला चोवीस तासांचा नियम उपयोगी पडला: घडलं तर चोवीस तासांत सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने त्या दिवशी फक्त ऐकायचं. सकाळी चहाला बसल्यावर ती म्हणाली, "अहो, रात्री मी पुन्हा केलं." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "परत करता येतील का बघू." दोन परत गेले, एक ठेवला, त्याचे ९०० तिच्या हातखर्चातून. वहीत दोन नव्या ओळी आल्या: दुसऱ्याच्या फोनवरून मागवायचं नाही, आणि वॉर्डात मृत्यू झाला तर पहाटे घरी फोन करायचा, कितीही वाजले असोत. पूर्वी असा एक धक्का बसला की महिना वाहून जात असे. या वेळी पुढच्या तीन आठवड्यांत एकही चोरटी खरेदी नाही. दोन वर्षांच्या निश्चयांत जे नव्हतं ते हेच होतं: पडल्यावर सांगायची जागा. आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा, हे याकोबाने आजारी माणूस बरा होण्याच्या संदर्भात लिहिलं आहे.

एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी. वरचं सगळं थकवा, सवय आणि लपवणूक यांतून आलेल्या खर्चासाठी आहे. माणूस दिवसचे दिवस न झोपता उत्साहात असेल, भरभर बोलत असेल, अचानक लाखांच्या खरेदीच्या किंवा धंद्याच्या गोष्टी करत असेल, तर तो उन्मादाचा आजार असू शकतो. कंपवातावरची प्रामिपेक्सोल, रोपिनिरोलसारखी औषधं घेणाऱ्या काहींमध्येही खरेदी किंवा जुगाराची अनावर ओढ निर्माण होते. तिथे उपास-प्रार्थनेवर सोडून देणं क्रूरपणा आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं, औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावं. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी मोफत सेवा मराठीतही बोलते.

नाताळ

जूनपासून बाकीच्या देण्यांचे ३,५०० मोकळे झाले होते. त्यांतले २,५०० डब्याकडे वळवले आणि १,००० नाताळच्या पाकिटात. नोव्हेंबरअखेर ६,०००. याआधी नाताळ म्हणजे ऋण काढून सण. या वेळी महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलीसकट बसून वाटणी केली: चौघांचे कपडे ३,०००, करंज्या-फराळ १,५००, चांदणी आणि सजावट ३००, भेटी १,२००. मुलीने चांदणी घरीच बनवायची म्हणून शंभर वाचवले आणि ते कुठे जावेत हे तिला ठरवू दिलं. तिने ते शब्बाथ शाळेच्या अर्पणात टाकले, न विचारता.

डब्यात तीस हजारांच्या आसपास जमले होते, पण ऑक्टोबरात सासूबाईंच्या दातांना ७,००० लागले. ते डब्यातून गेले, कार्डावरून नाही. मोबाइलचा हप्ता ऑक्टोबरात संपला, त्याचे १,९०० नोव्हेंबरपासून डब्यात जातात. कार्डाचे हप्ते मार्चमध्ये संपतील. त्यानंतर कार्ड बंद करण्याचा अर्ज लेखी द्यायचा. बाकी काही नसेल तर बँकेला सात कामकाजी दिवसांत ते बंद करावं लागतं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. अर्ज तिने आताच लिहून ठेवला आहे, तारखेची जागा मोकळी सोडून. तो कपाटात आहे, शास्त्राच्या खाली, दशमांशाच्या पाकिटाला लागून.